बोअर झालं म्हणायचा हक्क

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्या दोन माणसांमध्ये भांडण लावून द्यायचं असेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' एवढं नाव घ्यायचं आणि बाजूला उभं राहून मजा बघायची. एक म्हणणार, येस या बँडने केलेलं हे सगळ्यात मोठं काम. दुसरा म्हणणार, मोठं म्हणजे लांब, बस्स! पन्नास वर्षं उलटून गेली तरी हे भांडण मिटलेलं नाही, आणि आपल्या हॉस्टेलमध्येही ते अधूनमधून पेटतं. म्हणून हा लेखप्रपंच. (माझं मराठी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेलं आहे, ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेला हा डबल अल्बम. दोन तबकड्या, चार बाजू आणि गाणीसुद्धा चारच! प्रत्येक गाणं साधारण वीस मिनिटांचं. आता गंमत बघा, याची मूळ कल्पना आपल्याकडची आहे. बँडचा गायक जॉन अँडरसन याला त्या वर्षी मार्चमध्ये, बिल ब्रुफर्डच्या लग्नाच्या पार्टीत, किंग क्रिमसनच्या जेमी म्यूरने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचायला सुचवलं. तेच पुस्तक मराठीत 'योगी कथामृत' म्हणून आपल्या आजी-आजोबांच्या कपाटात असतं. पुढे टोकियोच्या हॉटेलात बसून वाचताना ८३ व्या पानावरच्या एका लांबलचक तळटीपेवर त्याची नजर अडकली. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे शास्त्रांचे चार भाग त्यात सांगितले होते. चार भाग, चार बाजू. झाला अल्बम! आपण तळटीप वाचायची वेळ आली की पान उलटतो, या माणसाने तिच्यावर ऐंशी मिनिटं संगीत केलं.

इथूनच मतांचा पहिला गोंधळ सुरू होतो. काही श्रोते, विशेषतः आपल्याकडचे, हा अल्बम ग्रेट आहे असं सांगताना वेद-पुराणांचं सर्टिफिकेट पुढे करतात. मला हे अजिबात पटत नाही. गाणी ऐकून बघा. शब्द सगळे अँडरसनच्या नेहमीच्या स्वप्नाळू भाषेतले आहेत, त्यातून श्रुती म्हणजे काय ते कोणाला कळलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं. पहिल्या बाजूचं नाव ऐकून उपनिषदं आठवावीत असं काही तिच्यात नाही. तिच्यात आहे ती एक सुंदर सुरुवात. आधी पुटपुटल्यासारखे, मग लाटेसारखे वर चढत जाणारे सगळ्यांचे आवाज, आणि एकदम पूर्ण बँड. ती चांगली आहे ती संगीत म्हणून. तळटीप काढून टाकली तरी ती तेवढीच चांगली राहते.

दुसरा पक्ष लांबीवर घसरतो. त्या वेळच्या ब्रिटिश-अमेरिकन समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी हेच केलं, आणि नंतर पंकवाल्यांना तर 'रॉक कसा फुगला होता' याचं तयार उदाहरणच मिळालं. पण मग येसचाच 'क्लोज टू द एज' घ्या, १९७२ चा. त्याचं मुख्य गाणं अठरा मिनिटांच्या वर आहे, आणि ते लांब आहे अशी तक्रार मी तरी कोणाकडून ऐकलेली नाही. म्हणजे दोष लांबीचा नाही ना! आमच्या मजल्यावरची एक गायन शिकणारी मैत्रीण म्हणाली की विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास ऐकणाऱ्या देशात वीस मिनिटांचं काय एवढं? वाक्य झकास आहे, पण यातही एक पळवाट आहे. ख्यालात बढत असते. एकेक स्वर उघडत जातो, आपण वाट बघत असतो आणि ती वाट फळाला येते. दुसऱ्या बाजूत, म्हणजे 'द रिमेम्बरिंग'मध्ये, मेलोट्रॉनचे ढग येतात, जातात, परत येतात. छान वाटतं, पण आपण कुठे पोचलो असं वाटत नाही.

याचं सगळ्यात प्रामाणिक परीक्षण समीक्षकाने नाही, बँडच्याच कीबोर्डवाल्याने केलंय. रिक वेकमन. त्याचं म्हणणं साधं आहे: आमच्याकडे एका तबकडीपेक्षा जास्त आणि दोन तबकड्यांपेक्षा कमी सामान होतं, म्हणून भर घालावी लागली. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे लगेच कळेल. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट बसतात. त्याहून जास्त कोंबायचं तर खाचा जवळजवळ पाडाव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. म्हणजे चार शास्त्रं, चार बाजू ही कल्पना जेवढी अध्यात्मातली तेवढीच प्लास्टिकच्या तबकडीतली. वेकमनच्या मते सीडी असती तर पन्नास मिनिटांत काम झालं असतं.

हा वेकमन मोठा वल्ली. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत रेकॉर्डिंग चाललेलं, अँडरसनला खरं म्हणजे रानात जाऊन रेकॉर्ड करायचं होतं, ते जमलं नाही म्हणून स्टुडिओत गवताचे भारे आणि पुठ्ठ्याची गाय आणून ठेवलेली (खरंच!). वेकमन बराच वेळ बारमध्ये डार्ट्स खेळत होता. शेजारी ब्लॅक सबाथ होते, त्यांच्या एका गाण्यात जाऊन कीबोर्ड वाजवून आला आणि मोबदला घेतला बियरमध्ये. पुढे मँचेस्टरच्या कार्यक्रमात स्टेजवर बसून त्याने करी खाल्ली, ही कथा तो स्वतःच रंगवून सांगतो. १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. आता मला सांगा, ज्याने अल्बम बनवला तोच बोअर झालो म्हणतो, तर श्रोत्याने का म्हणू नये?

पण थांबा. श्रोत्यांच्या बाजूचाही हिशोब बघा. इंग्लंडमध्ये आगाऊ मागणीवरच हा अल्बम गोल्ड ठरला, तिथल्या यादीत पहिला आला, अमेरिकेत सहाव्या नंबरपर्यंत गेला. नोव्हेंबर १९७३ च्या दौऱ्यात तर बाजारात यायच्या आधीच तो अख्खाच्या अख्खा स्टेजवर वाजवला गेला. कधीही न ऐकलेली ऐंशी मिनिटं! लोक चुळबुळले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. आणि तरी २०१६ मध्ये येसने दौऱ्यात काय वाजवायचं ठरवलं, तर याच अल्बमची पहिली आणि चौथी बाजू. त्याच वर्षी स्टीव्हन विल्सनने नव्याने मिक्स केलेली आवृत्तीही आली. फालतू वस्तूवर कोणी एवढी मेहनत घेत नाही.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. मागच्या सेमिस्टरला म्युझिकवाल्या ग्रुपमध्ये फर्स्ट इयरची एक मुलगी येऊ लागली होती. या अल्बमचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, मला दुसरी बाजू सगळ्यात आवडली, झोपताना रोज लावते. तर दोन सिनियर हसले. एकाने विचारलं, "बाकीच्या तीन ऐकल्यास का ग? की झोप लागली?" खूप हशा. त्यानंतर ती आली नाही. मजा म्हणजे हसणाऱ्यांपैकी एकाने स्वतः तिसरी बाजू कधी संपवलेली नाही, हे मला पक्कं माहीत आहे. या संगीताभोवती ही एक वाईट सवय आहे. आवडलं नाही म्हणाल तर 'तुला कळलं नाही', आवडलं पण चुकीची बाजू आवडली तर तेही 'तुला कळलं नाही'. परीक्षेत एक्स्टर्नल असतो तसा प्रत्येक जण दुसऱ्याची व्हायवा घेतोय. अरे, गाणं आहे ते, थर्मोडायनामिक्स नाही!

माझं मत विचाराल तर: पहिली बाजू आणि चौथी, म्हणजे 'रिच्युअल', या दोन्ही उत्तम. चौथीतलं ख्रिस स्क्वायरचं बास, मग ती तालवाद्यांची धुमश्चक्री आणि त्यातून निघणारा शांत फ्रेंच शब्दांचा शेवट, यावर मी कितीही वेळ देईन. दुसरी बाजू लांबलेली आहे, पण त्या मुलीचं बरोबर होतं. रात्री दिवा मालवून ऐकली की ती लांबी खुपत नाही. बोअर झालं म्हणायचाही सगळ्यांना हक्क आहे, फक्त आधी ऐका.

आणि सलग ऐकू नका, ही माझी खास शिफारस. फोनवर चार गाणी एकामागून एक वाजत राहतात, त्यामुळे डोकं उठतं. १९७३ च्या श्रोत्याला दर वीस मिनिटांनी उठून तबकडी उलटावी लागायची. तेवढ्यात चहा व्हायचा, कान मोकळे व्हायचे. म्हणून रोज रात्री मेसनंतर एक बाजू, चार दिवसांत संपतो. तिसऱ्या दिवशी 'द एन्शंट' लावाल तेव्हा बराच वेळ कोणीतरी भांडी आपटतंय असं वाटेल, शेजारच्या रूमवाले दार वाजवतील. तेव्हा बंद करू नका. त्या गोंगाटानंतर स्टीव्ह हाउ एकटाच अकूस्टिक गिटार घेऊन बसतो. तिथपर्यंत पोचायच्या आधी बंद केलंत, तर मत सांगायला आमच्या रूमवर येऊ नका.