नदी जिथे संपते तिथे कोण जातो?

आर्जेन्टिना देशाच्या पश्चिमेस, आन्दीज पर्वताच्या पायथ्याशी मेन्दोसा नावाचा प्रांत आहे. पाठीला पडशी लावून जग पाहावयास निघालेल्या तरुण मंडळींचे हे मोठे आवडते ठिकाण. ऊन स्वच्छ, आकाश निरभ्र आणि मावळतीकडे बर्फाच्छादित शिखरांची रांग. ही मंडळी शहरालगतच्या माइपू येथे भाड्याची सायकल घेतात, एका मद्यशाळेतून दुसरीत घुटके चाखीत दिवस घालवितात, आणि घरी परतल्यावर लिहितात की, माणसाच्या उद्यमाने येथे वाळवंट फुलविले. या एका वाक्याशी आमचे भांडण आहे.

भांडण मद्याशी नव्हे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी त्याचा थेंब चालत नाही, आणि 'असल्या मुलखात जावेच कशाला?' असे ते विचारतील. परंतु द्राक्षावर तेथे असंख्य लहान शेतकऱ्यांचे संसार चालतात. पिणे न पिणे हा ज्याचा त्याचा विचार. आम्ही बोलतो आहोत ते पाण्याविषयी.

पॅसिफिकवरून येणारे बाष्प आन्दीजच्या चिलीकडील उतारावरच सांडून जाते. मेन्दोसाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस उरतो. एवढ्यावर द्राक्षमळा उभा राहत नाही. जे हिरवे दिसते ते डोंगरावरील वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी आणून केलेले आहे, आणि ते प्रांताच्या शंभर भागांपैकी पाच भागही भरत नाही. शहरातील रस्त्यांच्या कडेनेसुद्धा उघडे पाट वाहतात व त्यांवर वृक्षांच्या रांगा पोसतात. दिवसभर मद्यशाळा पालथ्या घालून आलेला पाहुणा सायंकाळी यांतच पाय घालून पडतो. पाटांशी त्याची ओळख बहुधा एवढीच.

हे पाट खणले कोणी? स्पॅनिश लोकांनी शहर वसविले १५६१ साली. त्यापूर्वीच तेथील वार्पे लोक नदीचे पाणी पाटांनी शेतावर नेत होते. शहरातून वाहणारा मोठा कालवा आजही ग्वायमाय्येन या वार्पे नायकाच्या नावाने ओळखला जातो. पुढे १८८४ साली प्रांताने पाण्याचा कायदा केला आणि पाण्याचा हक्क जमिनीला जखडून टाकला. पाळी ठरलेली, दार उघडणारा पाटकरी ठरलेला, पाटावरचा मुख्य शेतकऱ्यांनी निवडलेला. व्यवस्था म्हणून ती वाखाणण्याजोगीच आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. पण लगोलग आगगाडी आली, इटली व स्पेनमधून माणसे आली, मळे वाढले. आणि नदीच्या शेवटाला जे राहत होते त्यांना त्या हिशेबात पाळीच नव्हती.

शेवटाला होते ग्वानाकाचेचे तलाव. तेथे वार्पे लोक लव्हाळ्याच्या तराफ्यांवरून मासे धरीत, काठच्या ओलीत गहू काढीत. वर पाणी अडत व वळत गेले तसतसे हे तलाव आटले. जमिनीची धूप इत्यादी अन्य कारणेही अभ्यासक सांगतात, ती आम्ही नाकारीत नाही. पण नदी आता तेथवर क्वचितच पोहोचते हे उघड आहे. मासे धरणाऱ्यांचे वंशज लावाये भागात शेळ्या राखतात, आणि पुष्कळ ठिकाणी विहिरीचे पाणी खारे व सोमलमिश्रित निघते. फार काय, द्राक्षवेलींना आधार देणारे खांबसुद्धा याच मुलखातले. आपल्या शमीच्या कुळातला आल्गार्रोबो नावाचा वृक्ष तेथील रानांत होता; मळ्यांच्या खांबांसाठी आणि सरपणासाठी ती राने तोडली गेली. तेव्हा वाळवंट फुलविले म्हणणाऱ्याने हेही म्हणावे की, एका अंगाला फुलविले आणि दुसऱ्या अंगाला वाढविले.

मेन्दोसाच्या लोकांना पाण्याचे मोल कळत नाही असे मात्र कोणी समजू नये. खाणींत सायनाइड व पारा वापरण्यास बंदी करणारा २००७ चा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये सैल केला गेला, तेव्हा हजारो माणसे रस्त्यावर उतरली आणि तो महिना संपण्यापूर्वीच सरकारला माघार घ्यावी लागली. कळत नाही ते पाहुण्याला. शेजारच्या सान हुआन प्रांतात, तोही द्राक्षांचाच, वाटेवर एक स्थान लागते. पतीला यादवी युद्धात ओढून नेले म्हणून तान्ह्या बाळासह त्याच्या मागे निघालेली दिफुन्ता कोर्रेआ तहानेने मेली, आणि बाळ तिच्या मृत देहाचे दूध पिऊन जगले, अशी कथा आहे. चर्चने तिला संतपद दिलेले नाही. लोकांनी दिले आहे. तिच्या देवळीपुढे भाविक पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवतात. अशा देवळ्या रस्तोरस्ती दिसतात, आणि परक्याला तो कचऱ्याचा ढीग वाटतो. ज्या देशात पाणी हाच नैवेद्य आहे, तेथे केवळ द्राक्षरसाची चव नोंदवून परत येणे याला प्रवास म्हणावे काय?

पडशीवाल्यांचा अभिमान असा की, आम्ही धनिक सहलकरू नव्हे; आम्ही पायी हिंडतो, थोडक्यात भागवितो, खरा देश पाहतो. मेन्दोसात तरी हा अभिमान पोकळ आहे. धनिक मोटारीतून ज्या मद्यशाळांत जातो त्यांतच हे सायकलीवरून जातात; फरक खर्चाचा आहे, दृष्टीचा नाही. पाच दिवसांतला एक दिवस काढून त्यांनी नदीच्या उतारबाजूने लावायेकडे जावे. उन्हाळ्यात ऊन फार कडक, म्हणून सोबत पाणी भरपूर घ्यावे आणि वाटेत कोणाच्या विहिरीवर हक्क सांगू नये. ऑक्टोबरात गेल्यास लागुनास देल रोसारिओ येथे मातीच्या जुन्या प्रार्थनामंदिराचा उत्सव असतो. तेव्हा दूरदूरच्या वाड्यांवरचे वार्पे एकत्र जमतात. त्या गावाच्या नावात तलाव आहे. तो कोठे गेला, हे तेथे कोणालाही विचारावे.