बीटी शंट आणि राहून गेलेला ‘टी’

‘फॅलोट्स टेट्रालॉजी’ या जन्मजात हृदयदोषात फुफ्फुसांकडे रक्त कमी जाते, म्हणून बाळाचे ओठ आणि नखे निळी दिसतात. हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडून हा रक्तपुरवठा वाढवतात. हाच बीटी शंट.

29 नोव्हेंबर 1944 रोजी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ब्लॅलॉक यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली. त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून विव्हियन थॉमस सूचना देत होते. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हे तंत्र त्यांनीच बसवले होते. थॉमस कृष्णवर्णीय. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण महामंदीत बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसे गेले. आधी व्हँडरबिल्ट विद्यापीठात काम संशोधनाचे, हुद्दा आणि पगार मात्र सफाई कामगाराचा. 1945 च्या शोधनिबंधात त्यांचे नाव नाही. 1976 मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली, तीही कायद्याची!

याला ‘प्रेरणादायी प्रवास’ म्हणणे मला पटत नाही. वैद्यकशास्त्राने एक सर्जन गमावला, असे म्हणा.

आता अनेक जण ‘ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग शंट’ म्हणतात. आपल्याकडे केसपेपरवर बहुधा ‘बीटी’च असते, आणि त्यातला ‘टी’ डॉ. हेलन टॉसिग यांचा. मी ‘बीटीटी’ लिहितो. विद्यार्थी विचारतात, सर, हा जादा ‘टी’ कोणाचा? मग सांगतो.