सहा वाजताचे ताट

भाद्रपदातल्या दहा रात्री कसबा पेठेला झोप नसते. ग्रामदैवत असलेल्या कसबा गणपतीच्या परिसरात दिवेलागणीनंतर माणसांची जी रीघ लागते, ती मध्यरात्र उलटली तरी ओसरत नाही. देखावे पाहायला आलेली कुटुंबे एका मंडपाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतात. कडेवरची मुले झोपी जातात, म्हातारी माणसे कुणाच्या तरी ओट्यावर टेकतात. ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावेत असा नियम आहे आणि उत्सवाच्या काही ठरावीक दिवशी त्याला बारापर्यंत सवलत मिळते. बारा वाजले की तो गजर थांबतो आणि मग पेठेचा खरा आवाज ऐकू येऊ लागतो. कढईत भजी पडल्याची चुरचुर, कणसांच्या शेगडीवरच्या पंख्याची फडफड, चहाच्या पेल्यांची किणकिण.

एरवी हे शहर लवकर आवरणारे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचा पुणेरी लौकिक साऱ्या महाराष्ट्राच्या थट्टेचा विषय आहे. रात्रीही अकरानंतर जुन्या पेठांत फारशी जाग नसते. दिवसभर तांबट आळीत पडणारे मठारकामाचे घाव थांबलेले असतात आणि वाड्यांचे दरवाजे लोटलेले असतात. रात्री उशिरापर्यंत जागणारे पुणे कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगरच्या बाजूला. पेठांच्या वाट्याला जागरण येते ते गणपतीत, आणि थोडेसे कोजागिरीला.

मात्र या पेठेतली इतिहासाला ठाऊक असलेली सर्वांत प्रसिद्ध रात्र गणपतीतली नव्हे. ५ एप्रिल १६६३ रोजी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला, तो रमजानचा महिना होता. शिवाजी महाराज आणि त्यांची माणसे मुदपाकखान्याच्या बाजूने आत शिरली, असे वर्णन मिळते. पहाटेच्या जेवणाच्या तयारीसाठी तिथे काही आचारी जागे होते. सारी छावणी झोपली होती आणि जागे होते ते दुसऱ्यांसाठी रांधणारे. आजची लाल महालाची वास्तू नंतर नव्याने बांधलेली आहे, पण तिच्याजवळून जाताना ही गोष्ट आठवण्याजोगी आहे.

गणेशोत्सवाच्या याच दहा दिवसांत जैन घरांचा वर्षातला सर्वांत संयमाचा काळ येतो. श्वेतांबरांचे पर्युषण संवत्सरीला, म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या सुमारास, पूर्ण होते. दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. खाली रस्त्यावर रात्री एक वाजता पावभाजीचा तवा तापलेला असतो आणि वरच्या मजल्यावर सूर्यास्तापूर्वी दोन घटका चूल शांत झालेली असते. एकाच इमारतीत दोन घड्याळे चालतात. याबद्दल कुणाची तक्रार नसते. मंडळाचे कार्यकर्ते आणि पेठेतले व्यापारी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. वर्गणीची पहिली पावती बहुधा अशाच एखाद्या दुकानात फाटते.

असेच एक दुकान आहे. किराणा आणि पूजासाहित्याचे, वर घर असलेले. गणपतीचे दहा दिवस म्हणजे त्यांची वर्षाची मोठी कमाई. नारळ, कापूर, गूळ, अगरबत्ती हे तर झालेच. पण गेल्या काही वर्षांत रात्रीच्या गर्दीसाठी पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, बिस्किटे आणि शेंगदाण्यांच्या पुड्याही गल्ल्याजवळ मांडल्या जाऊ लागल्या. रात्री साडेबारा-एकपर्यंत शटर उघडे राही. घरात आजींचे दहाही दिवस एकाशन, मुलगा आणि सून यांचा चौविहार. सहा वाजता दुकानात मुलासाठी वरून ताट येई. तो आतल्या खोलीत दहा मिनिटांत जेवून, पाणी पिऊन पुन्हा गल्ल्यावर बसे. ग्राहकही कौतुक करीत, एवढ्या गर्दीत शेठ नेम मोडत नाहीत.

२०२४ च्या उत्सवात, विसर्जनाच्या दोन दिवस आधी, मध्यरात्रीनंतर माळ्यावरून कापराचा खोका उतरवताना दुकानातला भोरकडचा मुलगा शिडीवरून खाली आला. मनगटाचे हाड मोडले. शेठ स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “शेवटचं खाल्लं कधी?” मुलाने थोडा विचार केला. सकाळी दहाला डबा. नंतर सातच्या सुमारास एक वडापाव, तोही अर्धा, कारण गिऱ्हाईक आले.

घरी हकीकत कळली तेव्हा आजींनी हाडाची चौकशी केली, खर्च कोण करणार ते विचारले, आणि मग म्हणाल्या, “सहाला तुझं ताट येतं, तेव्हा त्याचं कुठे असतं?”

या प्रश्नाला घरात उत्तर नव्हते. संध्याकाळी सहा ही त्या दुकानाची सर्वांत गर्दीची वेळ. शेठ जेवायला आत जात ते नोकर बाहेर उभा असे म्हणून. नेम पाळला जात होता, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या पोटातून वसूल होत होती. कुणी वाईट नव्हते. पगार वेळेवर होता, दिवाळीला कपडे होते, आता दवाखान्याचा खर्चही झाला. तरीही प्रश्न तसाच राहिला, आणि तो या एका दुकानापुरता होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

रात्रिभोजनाच्या त्यागाला आपल्याकडे केवढे स्थान आहे, हे वाचकांना सांगायला नको. दशवैकालिक सूत्रात मुनींच्या पाच महाव्रतांपाठोपाठ ते सहावे व्रत म्हणून येते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमांमध्ये ‘रात्रिभुक्तित्याग’ ही सहावी आहे. दिव्याभोवती जमणारे, अन्नात पडणारे, अंधारात न दिसणारे जीव वाचवायचे, हा त्यामागचा सरळ विचार. पण त्याच परंपरेने कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन शब्दही दिले आहेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि होत असता मान्य केलेले. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या नातीने हे शब्द पाठशाळेत शिकले होते. तिने बाबांना विचारले, “मग रात्री बाराला वेफर्स विकतो ते कशात मोडतं?” बाबा म्हणाले, “ते धंद्यात मोडतं.” हे उत्तर त्यांना स्वतःलाही फारसे पटलेले दिसले नाही.

या नातीच्या फोनमध्ये एक वेगळेच शहर होते. तिच्या वयाच्या अनेक मुलींप्रमाणे ती कोरियन मालिका पाहते, आणि त्या मालिकांत सोल शहरातली माणसे सारखी रात्री काहीतरी खाताना दिसतात. नारिंगी ताडपत्रीच्या तंबूत बाकावर बसून तांदळाच्या पिठाच्या लालभडक तिखट नळ्या, दुकानाच्या कट्ट्यावर गरम पाणी ओतलेले नूडल्स. या रात्रीच्या खाण्याला त्यांच्या भाषेत ‘यासिक’ असा स्वतंत्र शब्दच आहे. ते पाहून वाटावे की हे शहर अनादिकाळापासून असेच जागे असेल. प्रत्यक्षात १९४५ पासून ५ जानेवारी १९८२ पर्यंत तिथे मध्यरात्री ते पहाटे चार अशी संचारबंदी होती. आज साठीत असलेला तिथला माणूस तरुणपणी बारा वाजण्यापूर्वी घर गाठण्यासाठी धावलेला आहे. सोलची झगमगती रात्र एका पिढीएवढी जुनी.

व्यापारी वाचकाला त्या शहरातला तंबूंपेक्षा दोंगदेमून बाजार अधिक बोलका वाटेल. तयार कपड्यांची घाऊक बाजारपेठ, आणि ती भरते रात्री. संध्याकाळी उशिरा दुकाने उघडतात, इतर शहरांतले किरकोळ दुकानदार बसने येतात, रात्रभर माल पाहतात, गठ्ठे बांधतात आणि सकाळी आपापल्या गावी दुकान उघडायला परततात. पहाटेच्या सुमारास घाऊकवाल्यांचे शटर खाली येते. म्हणजे ज्याला पर्यटक रात्रीची मौज म्हणतात, ती तिथे आधी कुणाची तरी कामाची पाळी आहे. त्या बाजारातले एक दृश्य प्रसिद्ध आहे. डोक्यावर ताटांची उतरंड रचून, हात न लावता, मधल्या चिंचोळ्या वाटांतून झपझप चालणाऱ्या बायका. भात, रस्सा आणि चार वाट्या असे पूर्ण जेवण त्या एकेका गाळ्यावर पोहोचवतात. दुकान सोडून जाता येत नाही, म्हणून जेवण दुकानात येते. नातीने तो व्हिडिओ आजींना दाखवला. आजींना ताटातले काही चालणारे नव्हते. तिथल्या कोबीच्या लोणच्यातही लसूण आणि बहुधा मासळीचा अर्क असतो. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, “बघ, नोकराच्या गाळ्यावर भात येतोय.”

त्याच देशात दुसरी बाजूही आहे, ती मालिकांत कमी दिसते. तिथल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या पाच भाज्या वर्ज्य असतात. सोलच्या कडेला डोंगरात असलेला जिंग्वान्सा मठ अशा जेवणासाठी नावाजलेला आहे. मठातल्या संध्याकाळच्या हलक्या जेवणाला ‘याकसोक’ म्हणतात. भूक हा आजार आणि हे जेवण त्यावरचे औषध, असा त्याचा अर्थ. आजींना हे आवडले. औषध असेल तर ते मालकाला आधी आणि नोकराला मागाहून, असे कसे चालेल?

कायद्याच्या बाजूने आता मुभा वाढली आहे. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानंतर दुकान चोवीस तास उघडे ठेवता येते, मद्याची ठिकाणे वगळून. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ते पुन्हा स्पष्ट केले. त्याच वेळी प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावी, हेही त्यात आहे. बातमीचा पहिला भाग सर्वांनी वाचला. दुसरा भाग किती दुकानांत वाचला गेला, हे गुमास्त्यांना विचारावे. शटर किती वाजेपर्यंत उघडे ठेवता येते हे शासन सांगू शकते. आतला माणूस केव्हा जेवला, हे मालकालाच ठाऊक असायला हवे.

२०२५ च्या उत्सवापूर्वी त्या घरात बरीच चर्चा झाली. सप्टेंबर २०२४ अखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला होता आणि कसबा पेठेचे स्थानक आता दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आले होते. उत्सवात मेट्रो रात्री दोनपर्यंत धावणार, विसर्जनाच्या दिवशी तर अखंड, असे जाहीर झाले. गर्दी वाढणार हे उघड होते. धाकट्या मुलाचे म्हणणे पडले की दोन पाळ्या कराव्यात आणि पहाटे तीनपर्यंत विक्री चालू ठेवावी. हिशोब त्याने कागदावर मांडला होता आणि तो चुकीचा नव्हता. थोरल्याने कागद वाचून विचारले, “दुसऱ्या पाळीचं जेवण कुठे मांडलंय?” रात्री अकराला घरात चूल पेटणार नव्हती. दिवसा रांधून ठेवलेले रात्री वाढावे का, यावर बराच खल झाला. आजींचे म्हणणे होते की भुकेल्याला अन्न देण्यात दोष नाही, पण आपल्या नफ्यासाठी त्याला त्या वेळी भुकेला ठेवण्यात आहे. थोरल्याला ते पटले. धाकट्याला पटले नाही. शेजारची दुकाने तीनपर्यंत चालणार होती आणि गिऱ्हाईक सवयीने तिकडे वळते, हा त्याचा मुद्दाही खरा होता. दोघे भाऊ दोन दिवस कामापुरतेच बोलले.

शेवटी ठरले ते असे. दहाही दिवस सहा ते साडेसहा शटर खाली. रात्री दहाला दुकान बंद. फक्त अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, पाण्याची टाकी आणि पेले ओट्यावर रात्रभर, विक्री नाही. पुठ्ठ्यावर नातीने सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘दुकानातील सर्वांच्या जेवणासाठी ६ ते ६.३० बंद.’ पहिल्या दिवशी बंद शटरवर चार जणांनी थापा मारल्या. एक जुने गिऱ्हाईक रागावून पलीकडच्या दुकानात गेले आणि दहा दिवस परत आले नाही. पैशांत किती तोटा झाला, ते धाकट्याने वहीत मांडून ठेवले आहे. तो आकडा त्याने कुणाला सांगितलेला नाही आणि कुणी विचारलेलाही नाही.

तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीत सतरंजीवर पाच ताटे मांडली होती. शेठ, त्यांचा भाऊ आणि तीन नोकर. नातीने मुगाची डाळ वाटून जाड धिरडी केली होती. सोलच्या ग्वांगजांग बाजारात याच डाळीची धिरडी मोठ्या तव्यावर भाजून विकतात आणि त्यांना ‘बिंदेत्तोक’ म्हणतात, हे तिने सर्वांना दोनदा सांगितले. भोरच्या मुलाने मनगट फिरवून पाहिले, ते आता दुखत नव्हते. “आमच्यात याला धिरडंच म्हणतात,” तो म्हणाला, आणि चौथे मागितले. बाहेर कुणीतरी शटर वाजवत होते. धाकटा उठायला लागला, तेव्हा आजींनी त्याच्या ताटात आणखी एक धिरडे वाढले. सहा वाजून वीस मिनिटे झाली होती.