टायटॅनियमची तार आणि स्क्रीनवरचा आकडा

गणपतीत रत्नागिरीला घरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. विसर्जन झालं, मंडळी पांगली, आणि मी आणि माझा मावसभाऊ मांडवीच्या जेटीवर जाऊन बसलो. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने खिशातून एक चपटी डबी काढली, मला वाटलं पॉवर बँक असेल. निघाला व्हेप.

"दादा, सिगरेट सुटली. दिवसाला पाकीट लागायचं, आता शून्य. पण एक विचारायचं होतं. कॉइल मी स्वतः वळतो. एकाने टायटॅनियमची तार दिलीय. ती सेफ ना? माणसाच्या गुडघ्यात बसवतात म्हणजे सेफच असणार, नाही का?"

मी थोरल्या भावाचं पहिलं कर्तव्य पार पाडलं. "ह्याच्यावर बंदी आहे, माहित्ये ना?"

"माहित्ये. पण बंदी आहे म्हणून प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही का?"

ह्यावर मला काही सुचलं नाही. परत येताना दिवाणखवटीपासून पनवेलपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. म्हणून आज शनिवारचा चहा बाजूला ठेवून हे लिहितोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, धातुशास्त्रज्ञही नाही. पण ह्या प्रश्नाचा बराचसा भाग निघाला आमच्या धंद्यातला, म्हणजे सॉफ्टवेअरचा.

गंमत म्हणजे आम्ही बसलो होतो ते टायटॅनियमच्या शेजारीच. मांडवीच्या किनाऱ्याला रत्नागिरीकर काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र. मांडवीची वाळू काळी दिसते ती त्यातल्या मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ह्या जड खनिजांमुळे. सह्याद्रीचा काळा दगड झिजतो, नद्या तो खाली आणतात, लाटा हलकी वाळू चाळून नेतात आणि जड तेवढं मागे उरतं. शाळेत असताना जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून आम्ही वाळूतून ओढायचो. त्याला जे केसाळ काळं चिकटायचं ते मुख्यतः मॅग्नेटाइट. इल्मेनाइट चुंबकाला तसं नावापुरतंच दाद देतं. हे इल्मेनाइट म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि प्राणवायू ह्यांचं संयुग, वजनाने जवळजवळ ३२ टक्के टायटॅनियम. इथल्याच काळबादेवीच्या उपसागरातल्या इल्मेनाइटचा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केलेला आहे. आणि मुळात हा धातू सापडला तोच काळ्या वाळूत. १७९१ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने चुंबकाला ओढली जाणारी काळी रेती तपासली, तिच्यात त्याला हे नवं द्रव्य मिळालं. पुढे १७९५ मध्ये क्लाप्रोथने त्याला टायटॅनियम हे नाव दिलं.

आता हा धातू वाळूतून सुटा करायचा म्हणजे मोठा उपद्व्याप. त्याला प्राणवायू इतका प्रिय आहे की साधा कोळसा घालून भट्टीत तापवून तो शुद्ध मिळत नाही. आधी क्लोरीनशी संयोग करायचा, मग मॅग्नेशियमने तो क्लोरीन काढून घ्यायचा. आपल्याकडे हे काम केरळात चवऱ्याला २०११ पासून चालतं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की जो धातू प्राणवायूपासून सोडवायला इतके कष्ट पडतात, तो संधी मिळाली की प्राणवायूकडे परत जाणार. आमच्या भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

गुडघ्यात टायटॅनियम सुरक्षित का? कारण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसलेला असतो आणि शरीराचं तापमान असतं ३७ अंश. तो थर जागचा हलत नाही. कॉइलमधली तार साधारण २०० ते २३० अंशांवर चालवायची असते. तिथेही काही बिघडत नाही. पण तीच तार लाल होईपर्यंत तापवली, म्हणजे ५००-६०० अंशांच्या वर नेली, की ऑक्साइड जाड व्हायला लागतो आणि पुढे त्याची पांढुरकी भुकटी सुटू शकते. टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. श्वासावाटे जाणाऱ्या ह्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातलेलं आहे. भिंतीवर तो रंग लागला तर कोण घाबरतंय? पण फुप्फुस म्हणजे भिंत नव्हे. आणखी तापली तर बारीक तार पेटूही शकते, आणि पेटलेलं टायटॅनियम पाण्याने विझत नाही, त्यावर कोरडी वाळू टाकावी लागते.

म्हणजे 'टायटॅनियम सेफ आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या तापमानाला, ते विचारायला हवं. 

ह्यावर भावाकडे उत्तर तयार होतं. "दादा, ह्याच्यात टेंपरेचर कंट्रोल आहे. स्क्रीनवर २२५ लावायचं, त्याच्यावर जातच नाही."

आणि इथे माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. त्या डबीत थर्मामीटर कुठाय? नाहीये. डबी तारेचा रोध मोजते आणि त्यावरून तापमानाचं गणित करते. टायटॅनियमचा रोध दर अंशाला सुमारे ०.३५ टक्क्यांनी वाढतो. समजा २५ अंशांना कॉइल ०.४० ओहमची आहे. २२५ अंशांना, म्हणजे २०० अंश वर, ती ०.६८ ओहम होईल. डबी ०.६८ ला वीज आवरते आणि आपल्याला सांगते, २२५. ह्या गणितात चूक काही नाही. पण त्यात गृहीतकं आहेत, आणि ती स्क्रीनवर दिसत नाहीत.

पहिलं गृहीतक, सुरुवातीचा रोध मोजताना कॉइल थंड होती. ती नुकतीच वापरून काढली आणि ४५ अंशांना असताना परत बसवली, तर रोध भरतो ०.४२८. डबी त्यालाच २५ अंशांचा रोध समजते आणि सगळं त्यावरून मोजते. स्क्रीन २२५ दाखवते तेव्हा तार असते जवळजवळ २५९ ला. दुसरं, धातू बरोबर निवडलाय. चुकून निकेलवर ठेवलं तर, निकेलचा रोध दर अंशाला ०.६ टक्के वाढतो असं धरून, डबी तारेला ३६८ अंशांपर्यंत नेऊ शकते. तिसरं, तार शुद्ध टायटॅनियमची आहे. विमानात वापरतात त्या टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, त्याचं रोधाचं गणितच निराळं. 'एकाने दिलीय' अशा तारेत काय आहे हे कोण सांगणार?

पण सगळ्यात वाईट आहे ते चौथं. मोजलेला रोध सबंध तारेचा असतो, म्हणजे तापमानही सरासरी. सहा वेढ्यांची कॉइल घ्या. पाच वेढे ओल्या कापसात, २०० अंशांवर. सहाव्यापाशी कापूस कोरडा पडलाय, तो वेढा ३५० वर. सरासरी काढा : बरोब्बर २२५!

आमच्या एका जुन्या प्रोजेक्टवर भिंतीवर मोठा स्क्रीन होता आणि त्यावर सर्व्हरचा सरासरी प्रतिसाद हिरव्या रंगात झळकायचा. सगळं छान. आणि त्याच वेळी फोनवर गिऱ्हाईक ओरडत असायचं, की पान उघडायला दहा सेकंद लागतात. दोन्ही खरं होतं. सरासरीत ते गिऱ्हाईक बुडून गेलं होतं. त्या दिवसापासून सरासरीचा हिरवा आकडा दिसला की मला आधी धाकधूक होते. व्हेपमध्ये ते बुडालेलं गिऱ्हाईक म्हणजे तुमचंच फुप्फुस.

कापूस कोरडा पडतो म्हणजे काय होतं हे समजायला देवघरात बघा. निरांजनात तूप आहे तोवर वात टिकते. तूप संपलं की वातच जळते आणि घरभर वास सुटतो. इथेही तेच. द्रव उकळत असतो तोवर तो तारेला थंड ठेवतो. तो संपला की कापूस करपतो, आणि ग्लिसरीन प्रमाणाबाहेर तापलं की त्यातून ॲक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइड निघतं. हे मात्र तार कुठलीही असो, होणारच.

तर माझं मत. टायटॅनियमची तार वापरून निभावणं शक्य आहे का? आहे. शुद्ध प्रतीची तार, फक्त तापमान-नियंत्रणावर, नुसत्या वॉटवर कधीच नाही, रोध मोजताना कॉइल गार, धातू बरोबर निवडलेला, वात कायम ओली, आणि साफ करायला म्हणून तार कधीही लाल करायची नाही. पांढरी भुकटी दिसली की तार सरळ फेकायची. हे सगळं रोज, न चुकता, अनेक महिने. माझा अनुभव सांगतो की जी सिस्टिम माणसाने रोज एकही चूक न करण्यावर उभी आहे, ती कधीतरी पडते. स्टेनलेस स्टीलची तार त्या मानाने चुका पोटात घालते. टायटॅनियम घालत नाही. म्हणून भावाला सांगितलं, ती तार टाकून दे.

आता बंदीचं. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवणूक, सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात मृत्यू ६८. त्याच्या मुळाशी तार नव्हती, मुख्यतः द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं, आणि ते प्रामुख्याने गांजाच्या द्रवात. बाटलीत काय आहे हे ओढणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मला बंदीचं कौतुक नाही आणि रागही नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगरेट मिळते आणि हे नाही, हा विरोधाभास मलाही दिसतो. पण बंदीचा एक परिणाम भावाने लक्षात घ्यायला हवा. जे चोरून येतं ते कोणी तपासलेलं नसतं. द्रवाची बाटली, तार, बॅटरी, कशालाच कोणी जबाबदार नाही. सगळं टेस्टिंग गिऱ्हाइकाच्या अंगावर! मी असं सॉफ्टवेअर कोणाच्या फोनमध्ये टाकणार नाही, आणि हा ते छातीत घेतोय.

त्याने पाकीट सोडलं ह्याचा मला खरंच आनंद आहे, आणि ते मी त्याला दोनदा सांगितलं. ते सोपं नसतं, माझ्या वडिलांना जमलं नव्हतं. म्हणूनच ह्या पुढची पायरीही त्याला जमेल असं मला वाटतं. निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं, त्यावर प्रमाण छापलेलं असतं आणि बनवणाऱ्याचं नावही असतं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

हे सगळं मी त्याला परवा फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तार टाकतो. बाकीचं बघतो."

बघतो म्हणजे काय, ते कोकणात राहिलेल्यांना सांगायला नको. दिवाळीला जाणार आहे, तेव्हा परत विचारीन.