'काळ बदला' हा प्रश्न काढून टाका

आमच्याकडच्या दहावीच्या कुठल्याही मुलाला इंग्रजीतल्या पूर्ण वर्तमानकाळाचं सूत्र विचारा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल: आधी कर्ता, मग हॅव किंवा हॅज, मग क्रियापदाचं तिसरं रूप, मग कर्म. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन हेही तोंडपाठ. त्याच मुलाला मधल्या सुट्टीत डबा खाऊन हात धुताना विचारा, 'हॅव यू हॅड युवर लंच?' उत्तर येतं, 'येस मॅडम, आय ॲम ईटन.' मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. या उत्तराचा दोष मुलाच्या माथी मारणं मला मान्य नाही. 'मी खाल्लं आहे' यातल्या 'आहे'ला त्याने इंग्रजीतला 'आहे' जोडला, म्हणजे त्याने विचार केला. विचार करायला जागा ठेवत नाही ती आपली शिकवण्याची आणि तपासण्याची रीत.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो 'काळ बदला' हा प्रश्न. 'राम ईट्स अ मँगो' हे वाक्य दिलेलं असतं. मुलाने 'राम हॅज ईटन अ मँगो' लिहिलं की गुण मिळाले. पण रामने आंबा खाल्ला हे कोण कुणाला सांगतंय? आता टोपलीत आंबा उरला नाही म्हणून सांगतंय, की गेल्या वर्षीची आठवण म्हणून? काळ ठरतो तो यावरून, आणि नेमकं तेच त्या प्रश्नात नसतं. कपडे बदलावेत तसे वाक्याचे काळ बदलता येतात, एवढंच मूल त्यातून शिकतं. ऑट्टो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९२४ सालच्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात पूर्ण वर्तमानकाळ हा वर्तमानकाळाचाच एक प्रकार मानला आहे, मागे वळून पाहणारा वर्तमानकाळ. म्हणजे गोष्ट घडून गेली, पण बोलणाऱ्याचं लक्ष आत्तावर आहे. मुलांना सूत्राआधी हे कळायला हवं.

इंग्रजीच्या तासाला मराठी नको, हा आग्रहही मला पटत नाही. मूल कुठे अडखळतं हे मराठीच दाखवते. 'मी कालच फॉर्म भरला आहे' हे आपलं बिनचूक वाक्य. इंग्रजीत मात्र 'काल' आला की हॅवला निघावं लागतं: 'आय फिल्ड इन द फॉर्म यस्टर्डे.' कधी भरला ते सांगायचं नसेल, तर 'आय हॅव फिल्ड इन द फॉर्म' चालतं. 'तिने भाकऱ्या केल्या आहेत' यात आपलं क्रियापद भाकऱ्यांच्या मागे जातं, इंग्रजीतलं 'तिच्या' मागे. मूल 'शी हॅव मेड' लिहितं तेव्हा ते दरवेळी निष्काळजी नसतं. आणि 'पासून'! 'आम्ही पाच वर्षांपासून इथे राहतो' यातलं 'राहतो' साधा वर्तमानकाळ आहे, म्हणून मूल सरळ 'वुई लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतं. इंग्रजीला तिथे 'हॅव लिव्ह्ड' लागतं. शिवाय किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', केव्हापासून ते सांगायचं तर 'सिन्स'. हे दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी मांडलं की मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. सूत्राने तो कधी पडलेला मी पाहिला नाही.

(अमेरिकेत 'डिड यू ईट यट?' असंही सर्रास विचारतात. तेव्हा या काळाच्या नावाने मुलांना धारेवर धरण्यात अर्थ नाही. त्यांचं बोलणं समोरच्याला नेमकं कळावं, एवढंच मला हवं आहे.)

सरावाला मी एकमेकांना खरे प्रश्न विचारायला लावते. 'हॅव यू एव्हर सीन द सी?' आमच्या वर्गात बहुतेकांचं उत्तर 'नो, आय हॅव नेव्हर सीन द सी' असतं, आणि ते खरं असल्यामुळे पक्कं बसतं. एखादी म्हणते, 'आय हॅव बीन टू पंढरपूर.' लगेच दुसरीने विचारायचं, 'व्हेन डिड यू गो?' आता हॅव नाही: 'आय वेंट लास्ट आषाढी.' अनुभव आहे का, हे पूर्ण वर्तमानकाळात विचारायचं आणि तपशील साध्या भूतकाळात. इंग्रजीतली कितीतरी संभाषणं अशीच पुढे सरकतात, नोकरीच्या मुलाखतीसुद्धा. पुस्तकात मात्र हे दोन काळ वेगवेगळ्या धड्यांत एकमेकांची तोंडं न बघता बसलेले असतात.

'गॉन' आणि 'बीन' यांतला फरक तर आमच्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे इथली घरंच्या घरं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आजीजवळ राहिलेली मुलगी 'माय पेरेंट्स हॅव गॉन टू कोल्हापूर' म्हणते, कारण ते अजून तिथेच आहेत. हंगाम संपून ते परतले की तीच म्हणते, 'दे हॅव बीन टू कोल्हापूर.' एका शब्दाने आईबाप घरात आहेत की नाहीत ते कळतं. हे ज्या मुलीला उमगलं, तिला 'काळ बदला' या प्रश्नात गुण मिळाले किंवा न मिळाले, मला फरक पडत नाही. पण तिला पडतो, कारण परीक्षा तिला तेच विचारते.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे माझी मागणी आहे: सुटं वाक्य देऊ नका, प्रसंग द्या. बस चुकलेला मुलगा स्टँडवर उभा आहे, घरून फोन आलाय, तो काय सांगेल? आईने सकाळी दिलेली किल्ली संध्याकाळी सापडत नाही, दाराशी उभी मुलगी शेजारणीला काय म्हणेल? दोन ओळींचं उत्तर, त्याला दोन गुण. असा प्रश्न परीक्षेत आला की पुढच्या जूनपासून वर्गातला सरावही तसाच होऊ लागेल.