‘अंदाजाने घाल’ म्हणजे किती?

नवा संसार मांडलेली लेक आईला विचारते, ‘आई, पिठल्याला हुलग्याचं पीठ किती घालू?’ आई सांगते, ‘घाल की अंदाजाने.’ घरोघरचे हे बोलणे आहे. आईचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सवयीचा. तो तिच्या हातात असतो, तोंडी सांगता येत नाही. लेकीला मात्र सकाळची ड्युटी गाठायची असते. पीठ जास्त पडते, गुठळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पाकिटातल्या शेवया शिजू लागतात. एक पदार्थ त्या घरातून कायमचा गेला!

आपला स्वयंपाक कुठल्या वर्गात शिकवला जात नाही. नळावर, दळणाच्या रांगेत, विहारातून घरी परतताना, कामावर डबे उघडल्यावर तो एकमेकींना कळतो. अशाच काही गोष्टी आज येथे देत आहे.

भाकरी : ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. पण पिठाला कुबट वास किंवा कडवट चव नसेल तर ते फेकू नका. परातीत पिठाच्या मधोमध उकळते पाणी ओता, उलथन्याने कालवा आणि हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या जोराने मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो व पीठ धरून राहते. थापण्याआधी एकेका भाकरीचा गोळा पुन्हा मळून घ्या. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते सुकत आले की लगेच उलटा.

हुलग्याचे पिठले : एक वाटी भाजलेल्या हुलग्यांच्या पिठाला चार वाट्या पाणी धरा, पातळ हवे तर पाच. पीठ उकळत्या पाण्यात कोरडे कधीच टाकू नका. आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्या. लसूण-मिरचीच्या फोडणीत उरलेले पाणी उकळले की एका हाताने हे पीठ ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. गुठळी होत नाही.

सुकट : आधी कोरड्या तव्यावर खमंग भाजा. मग चाळणीत घोळा, म्हणजे रेती व बारीक कचरा खाली पडतो. दोन पाण्यांनी धुऊन पिळा आणि भरपूर कांदा-लसणात, थोडी चिंच किंवा आमसूल घालून परता. भाजल्याने उग्र वास कमी होतो.

अंबाडी : पाला धुऊन चिरा, वाफवून पाणी पिळून टाका, म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो. तुरीची डाळ किंवा ज्वारीच्या कण्या घालून शिजवा आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी द्या.

हे सारे स्वस्तातले आहे, म्हणून ते हलके समजू नका. धान्याच्या प्रथिनांत जे कमी पडते ते डाळी-कडधान्ये भरून काढतात. म्हणून भाकरी आणि हुलगे ही जोडी चांगली. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते. रक्त कमी असलेल्या बायकांनी एवढे तरी पाळावे. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्या धान्यांत आपली ज्वारी-बाजरीही आली. ही गरिबाची भाकरी आता बड्या हॉटेलांतही मिळते.

आणि आपली मुले? ‘वास येतो, मुलं चिडवतात’ म्हणून सुकटीचा डबा घरीच ठेवून जातात. ही लाज पोरांची नाही, ती त्यांना बाहेरून मिळाली आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली आले आणि घरोघरी गेले. जे लिहिले जाते ते टिकते, त्याला मान मिळतो. आपल्या माणसांचे खाणे मात्र फार उशिरा कागदावर आले. मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी लिहिलेले ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली निघाले आणि 2024 साली इंग्रजीतही गेले. नावातच त्यांनी प्रश्न विचारला आहे : ज्या अन्नाला पूर्णब्रह्म म्हटले, त्यात आमचे ताट कुठे होते?

एका पुस्तकात सगळ्यांच्या चुली मावणार नाहीत. जिल्ह्याजिल्ह्याला चव निराळी, घराघराला मसाला निराळा. हिशेबात जी रक्कम वहीत चढत नाही, ती वर्षाअखेरीस बुडीत धरली जाते. आईच्या हातच्या चवीचेही तसेच होईल.

म्हणून या आठवड्यात एकच काम करा. घरात आई, सासू, आजी जी कोणी असेल, तिला तिच्या पद्धतीने एक पदार्थ करू द्या. ती मूठभर पीठ घेईल तेव्हा ते आधी वाटीत ओतून माप पाहा. चिमूट चमच्यात मोजा. मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीतली कोरी पाने घ्या आणि पदार्थाचे नाव, माप, कृती, तो कोणी शिकवला व ते कुठल्या गावचे, एवढे लिहा. लिहिण्याचे काम मुलांना द्या. मुलग्यांनाही द्या, आणि लिहिलेले एकदा त्यांच्याच हातून शिजवून घ्या. मग वही शेजारणीला दाखवा; तिची एक कृती तुमच्या वहीत येईल, तुमची तिच्या.

आजीचा हात थकण्याआधी हे करा.