जीभ आऊट ऑफ रेंज

वाळू कशी लागते, ठाऊक आहे? मला आहे. दिवाळीत घरी वरूडला गेले होते. बाबांनी कुंपणावरच्या वेलीचं एक पान हातावर ठेवलं. "चावून पाय. आता साखर खाय." चमचाभर साखर तोंडात टाकली आणि... नथिंग! दाताखाली नुसती करकर.

पानाचं नाव गुडमार. काही जण बेडकीचा पाला म्हणतात. फंडा सिंपल आहे. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या जागा अडवून बसतात. आंबट, खारट, कडू सगळं जागेवर, फक्त गोड गायब. साधारण अर्धा तास. आवळ्यानंतरचं गोड पाणी तर तुम्ही शाळेतच प्यायला आहात. पश्चिम आफ्रिकेतलं मिरॅकल फ्रूट याच्या बरोब्बर उलटं. ते चघळलं की लिंबूही गोड लागतं. 2008 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पार्ट्या रंगायच्या म्हणे. आमची पार्टी घरामागच्या बगिच्यात! आंबिया बहार उतरायला आलेला, आणि संत्र्यांच्या गावची ही पोरगी स्वतःच्या झाडाचं संत्रं थू करून टाकतेय. इतकं आंबट!

तेवढ्यात आईनं बॉम्ब टाकला. "तुये बाबा महिना झाला शुगरची गोळीच घेत नायीत."

"काहून घेऊ? पान खाल्लं का गोड लागतच नायी, तं शुगर वाढंन कशी?" असं म्हणत बाबांनी तिसरा लाडू उचलला.

मी आधी हसले. मग टेन्शन आलं. अहो, जिभेला पत्ता लागला नाही तरी लाडवातली साखर रक्तात जातेच ना! गुडमारचा मधुमेहात उपयोग होतो का, यावर अभ्यास झालेत. पण म्हणून ते गोळीच्या जागी घ्यायचं नसतं. आणि गोळीसोबत मनानंच घेतलं तर शुगर नको तितकी खालीही जाऊ शकते. बाबांना हे सगळं सांगितलं. मास कॉमवालीचं कोण ऐकतं?

शेवटी शेजारच्या काकांचं शुगर मोजायचं मशीन आणलं. बोट टोचलं. आकडा आला 286.

"मशीन बिघडली असंन," बाबा म्हणाले. पुन्हा मोजलं. 281. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनी उरलेला अर्धा लाडू माझ्या हातावर ठेवला आणि आईला विचारलं, "डॉक्टर सकाळी किती वाजता येते व?"